घड्याळजीच्या दारातली गोष्ट

माझ्या मामानं बावीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. जुन्या शहरातली अकराशे घरं त्याच्याकडे होती आणि त्या अकराशे घरांची मागची दारं त्याला पाठ होती, कारण मीटर कधीच पुढच्या दारी नसतो. तो जिन्याखाली असतो, नाहीतर अडगळीच्या खोलीत, नाहीतर कुत्रा बांधलेला असतो नेमका तिथे. टॉर्च दातांत धरायचा, गुडघे टेकायचे, लोखंडी झाकण उचलायचं, आकडा वहीत उतरवायचा, झाकण टाकायचं आणि पुढच्या घरी जायचं.

जुन्या शहरात सात भाषा बोलल्या जातात. दोरखंडवाल्यांच्या चौकात एक, उतारावरच्या विणकरांची दुसरी, बंदराकडून वर सरकलेल्या लोकांची तिसरी. एका गल्लीतून दुसरीत वळलं की दुकानाच्या पाट्यांची अक्षरं बदलतात. मामाला काही सातही भाषा येत नव्हत्या, पण ‘पाणीवाला आलोय, कुत्रा धरा’ एवढं तो सातही भाषांत ठणठणीत म्हणायचा. सगळे त्याला मीटरमामा म्हणायचे. त्याच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

मग ऑफिसनं नवे मीटर बसवले, जे आपला आकडा आपणच कळवतात. पन्नासाव्या वर्षी मामा घरी बसला. मामी पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करायची. बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, असली कामं. मामा दिवसभर तिच्या मशीनभोवती घुटमळायचा आणि सल्ले द्यायचा. तीन आठवडे तिनं कळ सोसली. मग म्हणाली, “तुझे पाय घरात राहायचे नाहीत. त्या उतारावर रोज परदेशी माणसं नकाशा उलटा धरून उभी असतात. जा, त्यांना फिरव. मला एक पँट धड शिवू दे.”

तिथून ते सुरू झालं. मी छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करते, म्हणून पत्रक मी बनवलं: ‘जुनं शहर पायी, मीटरमामांसोबत, दोन तास.’ सकाळी नऊ वाजता कारंज्यापाशी दहा-पंधरा प्रवासी जमायचे आणि मामा त्यांना घेऊन चढ चढायचा.

पहिल्या वर्षी तो स्वतःला माहीत होतं तेच त्यांना सांगायचा. ही दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघांचा नळ एकच आहे. या प्रार्थनागृहाच्या पायऱ्या पलीकडच्या धर्माच्या गवंड्यांनी बांधल्यात, म्हणून शेवटच्या पायरीवर त्यांची खूण आहे. मला ते फार आवडायचं. प्रवाशांना नाही आवडायचं. अर्ध्या वाटेत ते फोन बघायला लागायचे. एकदा एक लठ्ठ गृहस्थ रुमालानं मान पुसत म्हणाले, “हे सगळं ठीक आहे हो, पण इथे काही घडलंबिडलं नाही का?”

घडलं होतं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी शहरात दंगल झाली होती. नऊ दिवस चालली होती. एका भाषेच्या लोकांना शोधून शोधून मारलं होतं. आमच्या घरात तो विषय कुणी काढत नसे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला अर्धं पान होतं. मामाला त्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती, तीही एका सोडावाल्यानं जाता जाता सांगितलेली: दंगलीच्या दिवशी रंगाऱ्यांच्या गल्लीच्या फाटकाला घड्याळजीनं बाहेरून कुलूप घातलं होतं.

एवढंच. एक वाक्य. त्या एका वाक्यावर मामानं अख्खी इमारत उभी केली.

घड्याळजीचं घर गल्लीच्या तोंडाशीच आहे. हिरव्या रंगाचं अरुंद दार आणि दारावर भिंतीत बसवलेलं मोठं बंद घड्याळ, काटे चार वाजून वीस मिनिटांवर. मामा तिथे थांबायचा, आवाज खाली आणायचा आणि सांगायचा की फाटकाची किल्ली विश्वासानं घड्याळजीकडे ठेवली होती, की जमाव येतोय असं कळल्यावर त्यानं शेजाऱ्यांना आत कोंडलं आणि बायकोमुलीला घेऊन पसार झाला, की किल्ली फिरवली त्याच क्षणी हे घड्याळ बंद पडलं. मग थोडं थांबून: “बघा, माणसानं जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर आणली. स्वतः मात्र एकदाच वेळेवर निघाला. पळायच्या वेळी!”

लोक हसायचे. आधी अंगावर काटा, मग हसू. एकदा मी मागे उभी राहून ऐकलं होतं, मीही हसले होते. पुढच्या पत्रकात तिसऱ्या थांब्याला नाव मीच दिलं: ‘गद्दार घड्याळजीचं घर’. ‘गद्दार’ हा शब्द लाल अक्षरांत.

सहा वर्षं मामा ही गोष्ट रोज सांगत होता.

त्या दिवशी गटात सोळा जण होते. त्यात अडतीस-चाळिशीची एक बाई होती, एकटी आलेली. पायात चालायचे बूट, गळ्यात काही नाही, हातात फोन नाही. मामाच्या ती लक्षात राहिली, कारण सगळे वर बघत होते तेव्हा ती दारांच्या खालच्या बाजूला बघत होती. घड्याळजीच्या दारापाशी मामानं नेहमीचं सगळं सांगितलं. सगळे हसले. ती हसली नाही. ती पुढे झाली आणि दाराच्या चौकटीवर, कमरेच्या उंचीवर, तिनं दोन बोटं ठेवली. तिथे लाकडात आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, मुलांची उंची मोजतात तशा. मामानं त्या हजार वेळा पाहिल्या असतील.

गट पुढे निघाला तेव्हा ती मामाच्या बरोबरीनं चालू लागली.

“हे माझ्या आजोबांचं घर,” ती म्हणाली. “मी त्यासाठीच आले. आमच्याकडे कुणी कधी काही सांगितलं नाही, आईनं एवढंच, की दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत. आजोबा तर या शहराचं नाव काढलं की उठून जायचे. आता कळलं का ते.”

मामा पुढच्या गटाकडे बघत चालत राहिला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “कळलेलं बरं असतं.”

त्या वेळी त्याला सांगता आलं असतं. पंधरा माणसं चार पावलं पुढे होती, ऐकायलासुद्धा कुणी नव्हतं. तो नंतर आम्हाला म्हणाला, जीभ टाळूला चिकटली असं म्हणायची सोय नाही, कारण जीभ चांगली चालत होती. तो तिला म्हणाला, “पुढे उतार आहे, दगड गुळगुळीत आहेत, जपून या.”

ती जपून उतरली. शेवटी कारंज्यापाशी तिनं त्याचा हात हातात घेऊन आभार मानले.

दुपारी मी मामीकडे गेले तर मामा जेवणाच्या ताटासमोर नुसता बसला होता. मामीनं मशीन थांबवलं होतं, आणि मामी मशीन थांबवते तेव्हा घरात कुणीतरी आजारी असतं. त्यानं आम्हाला सगळं सांगितलं, उताराचं वाक्यसुद्धा. ते सांगताना त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

“जा आणि तिला सांग, मी थाप मारली म्हणून,” मी म्हणाले.

“थांब,” मामी म्हणाली. “खरं काय झालं होतं ते माहितीय का तुला?”

“नाही,” मामा म्हणाला.

“मग तिच्या हातात काय देणार? एक खोटं होतं, तेही काढून घेणार? आधी खरं शोध. नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणून सांग. पण शोध तरी.”

मामाला शोधायची एकच जागा माहीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच्या जुन्या ऑफिसात गेला. तळमजल्यावर जुनी रजिस्टरं ठेवलेली असतात आणि तिथला कारकून त्याच्याच बरोबरचा. दंगलीच्या वर्षाचं रजिस्टर काढायला दोघांना तासभर लागला. घड्याळजीचं घर: माणसं तीन. वर्षभर दर महिन्याला साधारण तेच पाणी, एखादा आकडा इकडेतिकडे. आणि दंगलीच्या महिन्यात जवळजवळ चौपट.

“गळती असेल,” कारकून म्हणाला.

“गळती असती तर पुढच्या महिन्यातही आकडा चढता राहिला असता,” मामा म्हणाला. बावीस वर्षांत त्याला हे एवढं नक्की कळलं होतं. पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा होता तिथे आला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात शून्य. तिथून पुढे सगळं शून्य.

तिथून तो सरळ रंगाऱ्यांच्या गल्लीत गेला. घड्याळजीच्या समोरच्या घरात, पहिल्या मजल्यावर, बाइंडरताई राहतात. एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. वडलांच्या मागे पुस्तकबांधणीचं काम त्याच करत आल्या. खिडकीला लागून मोठं टेबल, त्यावर दाबयंत्र, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं. मामानं बावीस वर्षं त्यांचा मीटर वाचला होता आणि सहा वर्षं त्यांच्या खिडकीखाली उभं राहून गोष्ट सांगितली होती. आज पहिल्यांदा तो जिना चढून वर गेला.

त्यानं आकडा सांगितला आणि कारकुनाचं म्हणणंही सांगितलं.

ताईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. “गळती?” त्या म्हणाल्या. “आम्ही छत्तीस माणसं होतो त्याच्या तळघरात. नऊ दिवस. मी अकरा वर्षांची होते.”

मामा उभाच होता. ताईंनी त्याला बस म्हटलं नाही.

“फाटकाला कुलूप बाहेरूनच घातलं त्यानं, ते खरं. म्हणून तर वाचलो. जमाव आला, बाहेरून कुलूप पाहिलं, गल्ली रिकामी समजला आणि पुढे गेला. मग हा पडक्या भिंतीवरून चढून मागच्या बाजूनं घरात आला. त्याची भाषा वेगळी, आमची वेगळी. त्याला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तळघरात सांगायचा, कुणी खोकू नका. त्याची मुलगी लहान होती, तिला सांगितलं होतं, खाली उंदीर आहेत.”

“ताई,” मामा म्हणाला, “मी सहा वर्षं खाली उभा राहून—”

“ऐकलंय मी. आवाज मोठा आहे तुझा. नऊ-पस्तीसला खिडकी लावून घ्यायचे.”

“मग एकदा तरी वरून ओरडायचं होतंत! तोंडात मारायची होती माझ्या!”

ताईंनी पुठ्ठा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाल्या, “कुठल्या तोंडानं? दीड महिन्यानं त्या जमावातल्या लोकांना कळलं, यानं आपल्याला फसवलं. एका सकाळी त्याला सांगितलं, दुपारपर्यंत निघा. दोन पेट्या, बायको, मुलगी. भर गल्लीतून चालत गेले. आम्ही छत्तीसच्या छत्तीस घरात होतो. एकानंही दार उघडलं नाही. माझ्या बापानं ही खिडकी लावून घेतली, हीच. घड्याळजीनं वर पाहिलं होतं. मी फटीतून बघत होते.” त्या पुढे म्हणाल्या, “तुझी गोष्ट ऐकली की वाटायचं, बोलावं. मग वाटायचं, बोललं तर पुढचं पण सांगावं लागेल.”

खळ सुकून तिच्यावर साय धरली होती.

तिथून मामा ती पाहुणी, घड्याळजीची नात, उतरली होती तिथे धावत गेला. ती सकाळीच निघून गेली होती. नावनोंदणीच्या वहीत पत्त्याशेजारी तिचा फोन नंबरही होता. मामानं आमच्या समोरच फोन लावला. स्पीकर त्यानंच चालू केला. म्हणाला, “तुम्हीपण ऐका. मी परत उताराकडे वळलो तर मला थांबवा.”

तो वळला नाही. त्यानं सगळं ओळीनं सांगितलं: सोडावाल्याचं एक वाक्य, स्वतः रचलेलं बाकीचं, रजिस्टरचा आकडा, छत्तीस माणसं, बंद खिडक्या.

मग तिनं विचारलं, “पण तुम्ही असं का सांगत होता?”

मामानं माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. “लोक हसायचे,” तो म्हणाला.

“मी काल संध्याकाळीच आईला फोन केला होता,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “तिला सांगितलं सगळं. बाबांनी नंतर सांगितलं, तिनं आजोबांचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात ठेवला.”

मामा म्हणाला, “मी त्यांच्याशी बोलू का? पाया पडतो त्यांच्या.”

“नको,” ती म्हणाली. “मी सांगेन.” आणि फोन ठेवला.

मामीनं दिवा लावला, ताट मांडलं, मामानं हात लावला नाही. मी घरी जाऊन उरलेली पत्रकं काढली. चारशेच्या वर होती. लाल शाई चांगल्या प्रतीची वापरली होती मी. पाण्यात टाकली तरी अक्षर विरघळेना. शेवटी बसून एकेक फाडली. मामाला दोष देणं सोपं होतं, तो शब्द मात्र माझा होता.

तीन आठवडे मामा कारंज्यापाशी गेला नाही. बाहेर पडला तरी मागच्या गल्ल्यांनी जायचा, मीटरवाल्यासारखा. मग एक दिवस पाहुणीचा निरोप आला, दोन ओळींचा. ‘आईला तुमचं पटत नाही. ती म्हणते, एकदा गोष्ट रचणारा माणूस दुसऱ्यांदाही रचेल. तिला विचारायचंय, तळघराला पायऱ्या किती होत्या?’

मामाला हे योग्यच वाटलं. म्हणाला, मी तिच्या जागी असतो तर तोंडही बघितलं नसतं.

घड्याळजीचं घर आता एका रंगविक्रेत्याचं गोदाम आहे. मामा आणि मी किल्ली मागायला गेलो आणि येताना बाइंडरताईंना येता का म्हणून विचारलं. त्या लगेच पायात चपला घालून निघाल्या. पण त्या हिरव्या दारापाशी थांबल्या ते पाच-सात मिनिटं हलेचनात. अठ्ठावन्न वर्षं समोर राहून त्या दारातून आत गेल्या नव्हत्या. मी एका बाजूनं धरलं, मामानं दुसऱ्या. तळघराच्या तोंडाशी मामानं टॉर्च सवयीनं दातांत धरला. पायऱ्या मोजत आम्ही खाली उतरलो. अकरा भरल्या. आम्ही दोघांनी दोनदा मोजल्या.

“बारा,” ताई म्हणाल्या.

“ताई, अकराच आहेत.”

“बारा होत्या. शेवटची अर्धी होती, मी तिच्यावर झोपायचे.” त्या खाली वाकून चपलेनं जमीन ठोकत होत्या. “ही फरशी नंतरची आहे. वर चढवलीय.”

बरोबर आलेल्या गोदामवाल्यानं मान हलवली. ओल यायची म्हणून त्याच्या वडलांनी जमीन वीतभर उचलली होती.

मामानं तसंच्या तसं लिहून पाठवलं: आता अकरा दिसतात, बाइंडरताई बारा सांगतात, बारावी अर्धी होती आणि फरशीखाली गेली. खाली ताईंनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून दिली, तिचा मी फोटो काढला: ‘मी तिथे होते. तुम्ही निघालात तेव्हा आम्ही खिडकी लावून घेतली. मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते.’

उत्तर दहा दिवसांनी आलं. ‘आई म्हणाली, बारा. ती एकदा मोजत खाली गेली होती, उंदीर बघायला. आणि शेवटची अर्धी होती.’ भिंतीवरून काढलेल्या आजोबांच्या फोटोबद्दल त्यात काही नव्हतं. मामानं विचारलं नाही, आम्हीही नाही.

आता मामा पुन्हा गट नेतो. हिरव्या दारापाशी थांबतो आणि घडलं ते सांगतो, खिडक्यांसकट. बाइंडरताई नऊ-पस्तीसला खिडकी उघडी ठेवतात. शेवटी मामा हेही सांगतो की सहा वर्षं याच जागी उभं राहून त्यानं या माणसाची टिंगल केली. तिथे कुणी हसत नाही. काही जण घड्याळात बघतात.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात राहिलेली नाही. सहा वर्षांत त्याचं बघून आणखी चार-पाच जण गट फिरवायला लागले होते, आणि सगळ्यांनी घड्याळजी उचलला होता, विनोदासकट. मामा त्यांच्या घरी जाऊन आला. दोघांनी ऐकलं. बाकीचे म्हणाले, “मामा, तुमचं पोट भरलं, आता आमच्या पोटावर पाय का?” त्यामुळे तो दुपारी, त्यांचे गट येतात त्या वेळेला, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. लोक हसून झाले की पुढे होतो.

“माफ करा,” म्हणतो, “ही गोष्ट मी बनवलेली आहे. ती खोटी आहे.”

मागच्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर होते. गटातल्या एका तरुण जोडप्याला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मान खाली गेली. मला वाटलं, आता हा घरी चल म्हणणार.

तो टाळ्या थांबेपर्यंत तसाच उभा राहिला आणि मग त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.